डोक्याचा मार आणि दिवसाचा खाडा

२६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा बंदर सुरू झाले आणि उरण तालुक्याच्या रस्त्यांवर कंटेनरवाहू ट्रेलरांची रीघ लागली. ट्रेलरवरून तोल जाऊन पडलेला एखादा क्लीनर क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठून बसतो, पाणी पितो. मुकादमाचा जीव भांड्यात पडतो. शुद्ध आली, रक्त वाहिले नाही. मग भीती कसली?

नेमका हाच युक्तिवाद घातक आहे. कानशिलाच्या आतली धमनी तुटली, तर कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. कवटी ताणली जात नाही. त्या रक्ताला जागा मेंदूलाच द्यावी लागते. दरम्यान काही तास माणूस चांगला बोलतो, चालतो. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात शिरस्त्राणाविना क्षेत्ररक्षण करताना डोक्यावर चेंडू बसलेले रमण लांबा चालतच तंबूत परतले होते. पुढे त्यांची शुद्ध हरपली आणि तीन दिवसांनी ते गेले.

वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, असंबद्ध बोलणे, एक बाहुली मोठी होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे ही लक्षणे ओळखायला पदवी लागत नाही. गुंगीचे मात्र विपरीत आहे. ‘दमलाय, झोपू द्या’ अशी माया तिथे आडवी येते. वृद्धांत तर शिरांतून झिरपणारे रक्त कित्येक आठवड्यांनी त्रास देते आणि घरचे त्याला वयोमान म्हणतात. साध्या क्ष-किरण चित्रात हाडाची चीर दिसते, रक्त दिसत नाही. ते दाखवणारा सीटी स्कॅन रुग्णावर प्रथम १९७१ मध्ये लंडनला झाला. १९७४ च्या ग्लासगो मोजपट्टीला तर यंत्रही लागत नाही. डोळे, बोलणे, हालचाल पाहून ३ ते १५ गुण द्यायचे. एकदा मिळालेल्या गुणांपेक्षा त्यांची घसरण अधिक बोलकी. म्हणून मोजणी पुनःपुन्हा हवी.

म्हणजे कुणीतरी उशाशी बसायला हवे आणि जखमीने काम सोडायला हवे. रोजंदारीवरच्या माणसाला हा खाडा परवडत नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने तीन दिवसांहून अधिक काळ अपंगत्व न आणणारी दुखापत भरपाईबाहेर ठेवली. मुरगळलेल्या पायाला हा हिशेब ठीक. डोक्याच्या बाबतीत पहिले चोवीस तासच मोलाचे असतात. तेव्हा ठेकेदाराच्या करारातच कलम हवे: डोक्याला मार लागलेल्यास घरी न धाडता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि निरीक्षणाच्या दिवसाची हजेरी पूर्ण मांडावी.