अकरा सेकंदांची ओवी

संपादकांना हवा होता ग्रामीण भागातल्या वाचनकट्ट्यांवरचा लेख. गावात माणसं एकत्र बसून पुस्तक वाचतात असं अजून कुठे उरलंय का, ते बघून या, असं त्यांचं सांगणं. भिलारला जाता आलं असतं. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव म्हणून नावाजलं आहे, घराघरांत पुस्तकांची कपाटं आहेत. पण तिथे वाचायला येणारे बरेचसे पर्यटक. मला गावचाच वाचक हवा होता, आणि तोही एकटा नको होता. म्हणून माघात नेवासे तालुक्यातल्या एका गावी सप्ताहाला गेले.

अखंड हरिनाम सप्ताह आणि ग्रंथराज ज्ञानेश्वरी पारायण. मराठवाड्यात, नगर-नाशिककडे, पश्चिम महाराष्ट्रात ज्या गावाला मारुतीचं देऊळ आहे त्या गावाला बहुधा सप्ताहही आहे. पहाटे चारला काकडा, मग विष्णुसहस्रनाम, सकाळी आठ ते बारा पारायण, दुपारी गाथा भजन, चारला प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. हा क्रम पत्रिकेवर छापलेला असतो आणि तो सहसा कुणी मोडत नाही. आपण शहरात पुस्तकाभोवती दहा माणसं जमली की त्याचं कौतुक करतो. इथे मंडपात शे-दीडशे माणसं रोज चार तास मांडी घालून एकच ग्रंथ वाचत होती. त्यांत बायका जास्त.

इतिहास सगळ्यांना थोडाफार ठाऊक असतो. शके १२१२ म्हणजे १२९० साली नेवाशात ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून सांगितली तो ‘पैस’ आजही तिथे दाखवतात. पुढे शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि यात कुणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. एकोणिसाव्या शतकात सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांनी सप्ताहाची मोठी परंपरा उभी केली. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथून शिकून गेलेले कीर्तनकार गावोगाव पसरले. भगवानबाबांच्या नारळी सप्ताहात तर शेवटच्या दिवशी पुढच्या वर्षीच्या गावाला नारळ दिला जातो, आणि ते गाव वर्षभर तयारीला लागतं.

माझं लक्ष मात्र गुंतलं ते व्यासपीठावर बसलेल्या माणसात. पारायणाला व्यासपीठ चालक असतो. तो माइकवर ओवी म्हणतो आणि सगळा मंडप त्याच्या आवाजाला आवाज लावून वाचतो. इथले चालक सत्तरीचे शेतकरी. सगळे त्यांना महाराज म्हणतात. त्यांच्या पोथीत सात ठिकाणी समासात पेन्सिलीच्या रेघा आहेत: पहिला दिवस इथे थांबायचा, दुसरा इथे. मी त्या रेघांबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्याने मी थक्क झाले.

साखरे महाराजांनी संपादित केलेल्या प्रतीप्रमाणे ज्ञानेश्वरीच्या ओव्या ९०३३. सात दिवसांनी भागलं तर रोजच्या सुमारे १२९०. पण अध्याय काही सारखे नाहीत. पाचवा १८० ओव्यांचा, चौथा २२५. पहिले पाच अध्याय मिळून १३३१, म्हणजे पहिल्याच दिवशी पाच अध्याय संपतात आणि नव्याने बसलेल्या माणसाला वाटतं, हे तर सोपं आहे. मग पुढे तेरावा येतो, ११७० ओव्यांचा. आणि अठरावा १८१०. हे दोन अध्याय मिळून ग्रंथाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ‘तेराव्याला माणसं गळतात, माउली,’ महाराज म्हणाले. ‘अठराव्याला परत येतात. त्या दिवशी काला असतो.’ म्हणून ते तेराव्याच्या दिवशी मुद्दाम आवाज थोडा खालच्या पट्टीत धरतात, घसे टिकावेत म्हणून.

चार तासांत १२९० ओव्या म्हणजे एका ओवीला अकरा सेकंद. त्यातच श्वास घ्यायचा, पान उलटायचं, चष्मा सारखा करायचा. हे जमतं ते ओवीच्या घडणीमुळे. तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड. त्या आखूड चरणाच्या शेवटी महाराज किंचित थांबतात, बोट पोथीवर एकदा टेकतं, आणि तेवढ्यात मागे पडलेले सगळे गाठतात. एकही जण ‘थांबा’ म्हणत नाही, म्हणावं लागत नाही. सातशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी तोंडून निघालेल्या छंदाने इतक्या लोकांचा श्वास एका मापात आणावा, हे मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं.

माझ्या शेजारी एक आजी बसायच्या. पोथी मोठ्या टायपाची, पानांचे कोपरे तेलकट होऊन मऊ झालेले. उजव्या हाताची तर्जनी ओळीवरून सरकत असे, पण कधीकधी ओठ बोटाच्या पुढे जात. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. सासूबरोबर पारायणाला बसता बसता ओव्या कानात बसल्या, मग सुनेने अक्षरं दाखवली, आणि पाठ असलेल्या ओवीवर बोट ठेवून त्यांनी एकेक अक्षर ओळखलं. आधी आवाज आणि मग अक्षर, अशा उलट्या वाटेने त्या वाचायला शिकल्या. बसचा बोर्ड वाचता येतो का, असं विचारल्यावर ‘आता येतो की’ म्हणाल्या, पण वाचतात फक्त पोथी आणि देवळाच्या भिंतीवरचा फळा.

त्या फळ्यावर पहाऱ्यांची यादी असते. सप्ताह सुरू झाला की वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही. गळ्यात वीणा घेऊन एक जण उभा, सोबत टाळकरी, आणि नामस्मरण चालू. दोन तासांनी दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एका गळ्यातून निघून दुसऱ्या गळ्यात जाते, आणि या अदलाबदलीतही तार थांबत नाही. चौऱ्याऐंशी पहारे. रात्री दोन ते चारचा पहारा पूर्वी मानाचा असे, घराण्यात चालत येई. सकाळी वाचणाऱ्यांना त्या आवाजाचा आधार असतो, असं महाराज मानतात. मलाही ते पटलं. वाचन संपून माणसं घरी गेली तरी गाव त्या ग्रंथाजवळ जागं असतं.

याच फळ्यावर अडचणही लिहिलेली होती. रात्रीच्या काही खान्यांत नाव नव्हतं. गावची तरणी पोरं चाकणला, रांजणगावला कंपनीत आहेत, काही कुटुंबं कारखान्याच्या तोडीला गेलेली. मग रिकामे पहारे भरायला वारकरी संस्थांतले विद्यार्थी मानधनावर आणतात. पोरं गुणी असतात, मनापासून उभी राहतात. पण ती या गावची नसतात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी, म्हणून कीर्तन सातला आणावं लागलं, आणि सातला दूध घालायची, गोठ्याची वेळ. नामवंत कीर्तनकाराचं मानधन वाढत चाललंय आणि वर्गणीचा मोठा वाटा तिकडेच जातो. फ्लेक्सवर अन्नदात्यांचे फोटो मोठे होत गेले आणि व्यासपीठ चालकाचं नाव सगळ्यात खाली, बारीक अक्षरात.

या सगळ्यापेक्षा मला काळजी वाटते ती त्या अकरा सेकंदांची. ज्या वेगाने मंडप एक होतो, त्याच वेगाने अर्थ हातातून निसटतो. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना ज्ञानदेव अहिंसेवर किती रेंगाळतात! पायाखाली जीव दुखावू नये म्हणून जपून पाऊल टाकणारा माणूस ते पुन्हा पुन्हा, नव्या नव्या दाखल्यांनी उभा करतात. बोलणारा स्वतः हळू चाललाय आणि आपण धावतोय, असं मला तिथे बसून वाटत होतं. चारच्या प्रवचनात अर्थ सांगतात खरा, पण त्या वेळी मंडपात पंधरा-वीस माणसं. सकाळच्या बायका तेव्हा भाकरी थापत असतात, कारण संध्याकाळच्या पंगतीला घरटी भाकरी जाते.

मी महाराजांना म्हटलं, एखाद्या वर्षी एकच अध्याय घ्या, बारावा घ्या, २४७ ओव्यांचा. सात दिवस अर्थासकट वाचा, लोकांना प्रश्न विचारू द्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘पुरं झालं नाही तर ते पारायण कसलं? अर्थ एका वर्षात लागत नसतो. मी चाळीस वर्षं वाचतोय, तेराव्यातलं काही काही आत्ता कुठे उमगतंय.’ त्यांचं म्हणणं मी खोडू शकले नाही. तरीही मला वाटतं, चाळीस वर्षं बसणारा माणूस तयार व्हायचा असेल तर पहिल्या वर्षीच त्याच्या हाती थोडा अर्थ पडला पाहिजे. पूर्वी तो घरात, शेतात, आजीच्या तोंडून पडत असे. आता ते घर पुण्याला असतं.

महाराजांच्या मागे व्यासपीठावर कोण, हा प्रश्न तर उभाच आहे. त्यांचा मुलगा वाचत नाही. गावात सगळ्यात स्वच्छ वाचणारी आहे दहावीतली एक मुलगी. महाराजांना धाप लागली की पहिल्या रांगेत बसून तीच ओवी उचलते, आणि मंडपाला कळतही नाही की आवाज बदलला. अनेक गावांप्रमाणे इथेही वीणा पुरुषांच्याच गळ्यात असते आणि व्यासपीठावर आजवर बाई बसलेली नाही. बायका वाचणाऱ्यांत बहुसंख्य, चालवणाऱ्यांत नाहीत. मुक्ताबाई आणि जनाबाईंचे अभंग रोज म्हणणाऱ्या गावाने हे अडवून धरावं, याचं मला वाईट वाटतं.

काल्याचं कीर्तन झालं, दहीहंडी फुटली, पंगती उठल्या. संध्याकाळी देवळात हिशोबाची बैठक बसली. जमाखर्च वाचून झाल्यावर महाराजांनी स्वतःच विषय काढला: पुढच्या वर्षी पहिले पाच अध्याय पोरगी घेईल, मी शेजारी बसेन. एक-दोघांनी मान हलवली, एकाने आळंदीला विचारून घेऊ म्हटलं, एकाने तिची परीक्षा मध्ये येते असं सांगितलं. कुणी स्पष्ट नाही म्हणालं नाही. ‘बघू पुढं’ म्हणून सचिवांनी वही मिटायला घेतली, तेव्हा महाराज म्हणाले, ‘बघू नका, लिहा.’ सचिवांनी वही पुन्हा उघडली आणि तारीख घालून ते वाक्य लिहून घेतलं.