अतिथि आणि अंतेवासी

ज्यांतील एखादा मुलगा वा पुतण्या सहकुटुंब अमेरिकेंत आहे, अशीं घरें आमच्या शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गांवींहि आतां थोडीं नाहींत. अशा घरांतून एक मसलत वारंवार ऐकूं येते. “धाकटीला सुटींत काकांकडे म्हणून पाठवूं, कॉलेज मनास आलें तर तेथेंच नांव घालूं. नाहींतरी व्हिसा दहा वर्षांचा मिळतोच!” मसलत करणारीं माणसें शहाणीं व मुलीचें हित चिंतणारीं असतात, म्हणूनच तींतील गोम उघड करून सांगणें अवश्य वाटतें.

पाहुणी म्हणून जाऊन विद्यार्थिनी म्हणून राहिल्याचें उदाहरण आपल्याकडे आहे, आणि तें मोठें नामांकित आहे. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आनंदीबाई जोशी यांना पदवी मिळाली. त्या समारंभासाठीं पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. समारंभ पाहून परतावयाचें, तों बाई तेथेंच राहिल्या. किंडरगार्टन म्हणून जी बालशिक्षणाची पद्धति आहे, तिचा त्यांनीं फिलाडेल्फियांतच रीतसर अभ्यास केला, व्याख्यानें देत तो विस्तीर्ण देश पालथा घातला, आणि स्वदेशीं परतून ११ मार्च १८८९ रोजीं, म्हणजे त्या समारंभास बरोबर तीन वर्षें झालीं त्या दिवशीं, मुंबईस शारदासदन उघडलें. (त्यांचें धर्मांतर आमच्या वडीलधाऱ्यांस रुचलें नाहीं, हें खरें, पण ज्या विद्येसाठीं त्यांनीं मुक्काम लांबविला तिचें मोल त्यामुळें उणें होत नाहीं.) अमेरिकेंत तेव्हां व्हिसाची पद्धतच नव्हती. बाईंना केवळ आपल्या मनाशीं निश्चय करावा लागला.

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी या शब्दाची फोड लहानपणीं शिकविली जाते. आजच्या अतिथीची जाण्याची तिथि मात्र पक्की ठरलेली असते. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यानें तात्पुरते येणाऱ्यांचे अक्षरांनीं ओळखले जाणारे वर्ग पाडले. त्यांत पर्यटक तो बी-२ आणि विद्यार्थी तो एफ-१. पासपोर्टावरील व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी तो दारापर्यंत जाण्याचा परवाना होय. आंत किती दिवस राहावयाचें हें तेथील विमानतळावरचा अधिकारी ठरवितो. बहुधा सहा महिने देतो, आणि ती तारीख आय-९४ या नोंदींत असते. घरोघर घोटाळा होतो तो येथेंच.

एका वर्गांतून दुसऱ्यांत जाण्याची वाट त्याच कायद्यांत ठेविलेली आहे. महाविद्यालयाकडून आय-२० हें पत्र मिळवावें, आणि आय-९४ वरील तारीख उलटण्यापूर्वीं आय-५३९ हा अर्ज करावा. पण उत्तर येण्यास महिनेच्या महिने लागूं शकतात, आणि मंजुरी हातीं येईपर्यंत अभ्यासक्रमास बसण्याची मुभा नाहीं. बसल्यास तेंच नामंजुरीचें कारण होतें. मध्यंतरीं देश सोडला तर अर्ज सोडून दिला असें समजतात. सत्र सुरू होतें, बरोबरीचीं मुलें पुढें जातात, आणि मुलगी काकूच्या स्वयंपाकघरांत उत्तराची वाट पाहत बसते.

याहून गंभीर बाब हेतूची आहे. मनांत शिकण्याचें असतां मुंबईच्या अमेरिकन वकिलातींत ‘फिरावयास जातें’ असें सांगणें, याला तेथें असत्य कथन म्हणतात. प्रवेशापासून ९० दिवसांच्या आंत परवानगीवांचून अभ्यासक्रमास नांव घातलें, तर मूळचें बोलणेंच खोटें होतें असें अधिकाऱ्यानें धरून चालावें, असा दंडक तेथील परराष्ट्रखात्यानें २०१७ सालीं घातला. असत्य शाबीत झालें कीं, विशेष सूट मिळाल्यावांचून, त्या देशाचें दार जन्मभर बंद! वाक्य पढविलें वडील माणसांनीं, आणि शिक्षा अठरा वर्षांच्या पोरीच्या नांवावर.

मन तेथें गेल्यावर खरोखरच पालटलें, तर गोष्ट निराळी. तरीहि परत येऊन येथूनच एफ-१ घ्यावा, असें माझें मत आहे. कारण तेथें मंजुरी मिळाली तरी पालटतो तो दर्जा. पासपोर्टावरचा व्हिसा पर्यटकाचाच राहतो. पुढें ताईच्या लग्नास घरीं आली कीं परत जाण्यापूर्वीं वकिलातीच्या खिडकीशीं उभें राहणें आलेंच, आणि तेथें नकार मिळाला तर अर्धें शिक्षण तिकडे व मुलगी इकडे. केवळ कॉलेजें पाहून यावयाचीं असतील तर तसें मुलाखतींतच सांगावें; भावी विद्यार्थी असा शेरा बी-२ व्हिसावर मारण्याची सोय आहे.

ज्यांचे नातलग इतरत्र आहेत, त्यांना एवढेंच सांगतों कीं ब्रिटनमध्यें पाहुण्यास तेथेंच विद्यार्थी होतां येत नाहीं, आणि ऑस्ट्रेलियानें ही वाट १ जुलै २०२४ पासून बुजविली आहे.

आय-२० हें पत्र शिंदखेड्यास बसूनहि मागवितां येतें. एफ-१ व्हिसावर शिक्षणक्रमाच्या आरंभापूर्वीं फार तर तीस दिवस आधीं त्या देशांत पाऊल ठेवतां येतें. काकूच्या हातचा पाहुणचार तेवढ्यांत उरकून घ्यावा.