भीड अशी चेपत नाही

आमची शेवंती सात महिन्यांची असताना मी तिला पहिल्यांदा डॉग पार्कात नेलं. फाटक लावून पट्टा सोडला, तशी पाच-सहा कुत्री एकदम धावून आली. ती बाकाखाली शिरली. कान मागे, शेपूट पोटाशी, जीभ सारखी नाकावर. ‘‘राहू द्या ताई, दोन मिनिटांत भीड चेपेल,’’ एक काका म्हणाले. मी राहू दिलं. त्यानंतर चार महिने, रस्त्याच्या पलीकडे कुत्रं दिसलं तरी शेवंती मला मागे ओढायची.

काका चांगल्या मनानं बोलले होते, आणि हा समज घरोघरी आहे. गर्दीत सोडलं की बुजरेपणा आपोआप जातो म्हणे. पण पळायला वाट नसलेलं, घाबरलेलं कुत्रं त्या गर्दीत एवढंच शिकतं, की दुसरं कुत्रं म्हणजे संकट. पुढच्या वेळी ते मागे हटतं, नाहीतर आधीच अंगावर जातं. किती कुत्री भेटली याचा हिशेब ठेवण्यात अर्थ नाही. दुसरं कुत्रं समोर असतानाही आपलं निवांत राहतं का, हे बघायचं.

ही सवय लागण्याचं एक वय असतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास केला. १९६५ साली त्यांचं पुस्तक आलं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नवी गोष्ट चटकन आपलीशी करतं, पुढे नव्याची धास्ती वाढत जाते. आणि नेमकं याच काळात आपण त्याला कोंडून ठेवतो, कारण ‘सगळ्या लशी होईपर्यंत बाहेर काढायचं नाही.’ पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची भीती खरीच आहे. पण लशींचा शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याला किंवा त्यानंतर असतो, तोवर ते वय निघून गेलेलं असतं. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेनं २००८ मध्येच म्हटलं आहे, की पहिली लस आणि जंताचं औषध देऊन सात दिवस झाले, की सात-आठ आठवड्यांचं पिल्लू पपी क्लासला जाऊ शकतं. डॉग पार्काला मात्र नाही. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. या वयात पिल्लाला कडेवर घेऊन सोसायटीच्या गेटपाशी बसावं. रिक्षा, छत्र्या, शाळेची मुलं, लांबून जाणारी कुत्री, सगळं त्याला बघू द्यावं. लशी झालेल्या एखाद्या ओळखीच्या, शांत कुत्र्याच्या घरी न्यावं.

‘शेपूट हलतेय, म्हणजे खूश आहे’ हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण त्याच्या भरवशावर आपण नजर काढून घेतो. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये ३० कुत्र्यांच्या शेपटीची हालचाल कॅमेऱ्यानं टिपली. मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकायची. अनोळखी, दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडे. हलायची दोन्ही वेळा. पार्कात उभं राहून आपल्याला डावं-उजवं मोजता येणार नाही, पण अंग बघता येतं. कंबरेपासून सगळं अंग सैल डोलत असेल तर ठीक. शेपूट उंच, ताठ आणि नुसतं टोक थरथरतंय, तोंड मिटलेलं, नजर खिळलेली, असं दिसलं की लगेच हाक मारून बोलवायचं.

पाठलागाचंही तसंच. खऱ्या खेळात पाळी बदलते: आत्ता हा पळतो, मग तो. मध्येच पुढचे पाय टेकून, मागचा भाग वर करून आमंत्रण दिलं जातं. शंका आली तर मागे लागलेल्या कुत्र्याला क्षणभर धरून ठेवावं. दुसरं स्वतःहून परत आलं, तर खेळ चालू आहे. ते तुमच्या पायांमागे आलं, तर तो खेळ नव्हताच.

गुरगुरलं म्हणून धपाटा घालू नये. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद केली, तर कुत्रं सूचना न देता चावायला शिकतं. ‘आपसात ठरवू द्या, कोण वरचढ ते’ हेही तसंच चुकीचं. त्यामागची अल्फा लांडग्याची, म्हणजे मारामारी करून कळपाचा म्होरक्या होणाऱ्याची, कल्पना कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून आली. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती पसरली, आणि १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं, की जंगलातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. कुत्र्यांच्या मारामारीतून काहीही ठरत नाही. जखमा होतात.

पट्टा हातात धरला की सगळं सुरक्षित, असं वाटतं. पण मोकळ्या कुत्र्यांमध्ये बांधलेलं कुत्रं अडकतं, ताणलेल्या पट्ट्यानं आणखी बिथरतं. म्हणून चांगल्या पार्काला दोन फाटकं असतात. पट्टा मधल्या जागेत काढायचा. बॉल आणि खाऊ घरी ठेवा. माजावर आलेल्या कुत्रीला नेऊ नका. भांडण जुंपलं तर मानेकडे हात घालू नका, पाणी ओता, मोठा आवाज करा. माणसाला दात लागलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

शेवंतीला सावरलं ते मैत्रिणीच्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरनं. मैदानाच्या एका कडेनं तो, दुसऱ्या कडेनं आम्ही, एकाच दिशेनं नुसतं चालायचं. आठवड्यागणिक अंतर थोडं थोडं कमी केलं. सहाव्या आठवड्यात तिनं मागून जाऊन त्याला हुंगलं आणि अंग झटकलं. आता पार्कात आम्ही सकाळी सातच्या आधी जातो, दोन-तीनच कुत्री असतात तेव्हा. वीसेक मिनिटांनी ती माझ्या पायाशी येऊन बसते. मग आम्ही निघतो.