कोर्ट अर्धे, खेळ पूर्ण

घरातली तरुण मुलगी अपघातात पाय गमावून घरी येते, तेव्हा समाचाराला येणाऱ्यांचे बोलणे ठरलेले असते. हिच्या नोकरीचे काय, लग्न कसे जमणार, आता फार दगदग करू नये, घरी बसून काही करता आले तर बरे. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसते. पण कालपर्यंत या मुलीला काय येत होते, काय आवडत होते, हे कुणी विचारत नाही. मुंबईच्या मानसी जोशीला बॅडमिंटन येत होते, आणि तुटलेला धागा तिने तिथूनच पुन्हा जोडला.

मानसी अणुशक्तीनगरात वाढली. वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरीला. सहा वर्षांच्या मुलीच्या हातात पहिली रॅकेट त्यांनीच दिली. जगज्जेती घडवण्याचा बेत वगैरे काही नव्हता. वसाहतीतली मुले खेळत, तशी तीही खेळायची. पुढे सोमय्या महाविद्यालयातून ती इंजिनिअर झाली आणि सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागली. डिसेंबर २०११मध्ये दुचाकीवरून कामाला जाताना ट्रकचा धक्का लागला. ती तेव्हा बावीस वर्षांची होती. डाव्या पायावरून चाक गेले होते. डॉक्टरांनी पाय वाचवण्याचा प्रयत्न केला, पण तो सडू लागला आणि कापावा लागला. सुमारे दीड महिना इस्पितळात गेला.

कृत्रिम पाय म्हणजे बूट घातल्यासारखे काही नसते. उरलेला पाय ज्या खोबणीत बसतो, तिला सॉकेट म्हणतात. घाम आला की ते निसटते, वजन कमी झाले की सैल होते, जास्त चालले की कातडी सोलते. चालणे नव्याने शिकावे लागते आणि लहान मुलासारखे पडतही राहावे लागते. मानसीने हे सगळे केले. कोर्टावर ती पुन्हा उतरली ती तब्येत सुधारावी, हालचाल मोकळी व्हावी एवढ्यासाठी. मग कंपनीतल्या सहकाऱ्यांची स्पर्धा आली. ती दोन्ही पायांवर धावणाऱ्यांविरुद्ध खेळली आणि जिंकली. ‘तू नुसते बघ, आम्ही खेळतो’ असे तिला कुणी बाजूला बसवले असते, तर पुढची गोष्ट घडली असती का, सांगता येत नाही. अपंगांच्या स्वतंत्र स्पर्धा असतात, हे तिला नंतर कळले.

या पॅरा-बॅडमिंटनमध्ये खेळाडूंचे गट असतात. चाकांच्या खुर्चीवर खेळणाऱ्यांचे दोन, पायांत दोष असलेल्यांचे दोन, हातात दोष असलेल्यांचा एक आणि ठेंगण्या खेळाडूंचा एक. मानसीचा गट एस.एल.३. यात एकेरीचा सामना अर्ध्या रुंदीच्या कोर्टावर होतो. कोर्ट अर्धे म्हणजे खेळ सोपा, असे मात्र नाही. मागे-पुढे तर धावावे लागतेच, आणि प्रत्येक वळण एका पायावर पेलावे लागते.

२०१५च्या जागतिक स्पर्धेत तिला मिश्र दुहेरीत रौप्यपदक मिळाले, २०१७मध्ये एकेरीत कांस्य. पण एवढ्यावर समाधान नव्हते. २०१८मध्ये तिने हैदराबादला पुल्लेला गोपीचंद यांच्या अकादमीत सरावाची परवानगी मागितली. ती मिळाली. रोजचा सराव, व्यायाम, वजन घटवणे आणि त्यापायी नवे सॉकेट! ऑगस्ट २०१९मध्ये स्वित्झर्लंडच्या बासल शहरात जागतिक बॅडमिंटन स्पर्धा आणि पॅरा-बॅडमिंटनची जागतिक स्पर्धा प्रथमच एका वेळी भरल्या. अंतिम सामन्यात मानसीने भारताच्याच अनुभवी पारुल परमारला २१-१२, २१-७ असे हरवले. त्याच दिवसांत, त्याच गावात पी. व्ही. सिंधूही जगज्जेती झाली. देशभर पेढे वाटले गेले ते मुख्यतः सिंधूच्या नावाने. मानसीचे नाव लोकांच्या कानावर जायला आणखी काही दिवस लागले.

नाव झाल्यावर तिने काय केले, हे त्या पदकाइतकेच महत्त्वाचे. २०२०मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने उद्याच्या नेत्यांमध्ये तिची गणना केली आणि तिच्या रूपाची बार्बी बाहुलीही निघाली. व्यासपीठावर बोलावले की ती रॅम्प, जिने, स्वच्छतागृहे यांबद्दल बोलू लागली. आपल्याकडे दारे उघडी असतात, पण दारापर्यंत पायऱ्या असतात. काशीला अमृतराव पेशव्यांनी बांधलेला घाट आहे. त्याच्या पायऱ्या उतरून गंगेला हात लावायचा, तर धडधाकट यात्रेकरूही सोबत्याचा हात धरतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या दगडाला दोष देऊन काय उपयोग? पण अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्यानंतरही क्रीडागृहे पायऱ्यांनीच सुरू होत असतील, तर त्याला काय म्हणावे?

अडथळे काही पायऱ्यांचेच नसतात. २०२१मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये पॅरा-बॅडमिंटन प्रथमच आले, पण महिलांच्या एस.एल.३ गटाची एकेरी त्यात ठेवलीच नव्हती. जगज्जेतीला एकेरी खेळताच आली नाही. ती खेळत राहिली. २०२२मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २०२३मध्ये हांगचौच्या आशियाई पॅरा स्पर्धेत एकेरीत कांस्य आणि दुहेरीत रौप्य आले. दुहेरीतली तिची जोडीदार तुलसीमती मुरुगेशन हाताच्या दोषाच्या गटातली. एकीचा पाय कमी, दुसरीचा हात, आणि या वेळी कोर्ट पूर्ण रुंदीचे!

पॅरिसला २०२४मध्ये महिला एस.एल.३ एकेरी अखेर आली, तेव्हा मानसी पस्तिशीची होती. गटातले दोन्ही सामने ती हरली. त्याच प्रकारात भारताची मनदीप कौर उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली.