चाकू घ्यायचाय? आधी बिजागरी बघा

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या सिनियरने सांगितलं तेव्हा मी आधी हसलोच. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. एकोणसाठ म्हणजे नक्की किती, यात माझा अजूनही गोंधळ होतो, म्हणून या लेखात सगळे आकडे अंकांतच लिहिले आहेत. पण विषय मीच निवडला, कारण हॉस्टेलमध्ये दर पावसाळ्यात ट्रेकचा सीझन सुरू झाला की कोणीतरी विचारतोच, "यार, एखादा मजबूत टॅक्टिकल चाकू सांग ना." मागच्या वर्षी मीसुद्धा हेच विचारलं होतं, आणि मग कोणाचंही न ऐकता रस्त्यावरच्या एका गाडीवरून एक घेतला. काळा रंग, अर्ध्या पात्याला करवतीसारखे दाते, मुठीवर वाघनखासारखी नक्षी आणि पात्यावर कोरलेलं '४४० स्टेनलेस'. किंमत ३५० रुपये. रूमवर आणून मी तो किमान ५० वेळा उघडला आणि मिटला असेल. काय मस्त आवाज यायचा!

जुलैमध्ये आम्ही ९ जण तोरण्याला गेलो. उतरून आल्यावर वेल्ह्यात जेवायला थांबलो तर पाऊस अगदी आडवा. ताडपत्रीच्या कडेची कडी फाटली होती, म्हणून माझ्या रूम पार्टनरने ताडपत्रीची चौपदरी घडी केली आणि नवीन भोक पाडायला माझा चाकू मागितला. टोक आरपार गेलं. ते बाहेर निघेना, म्हणून त्याने चाकू मागे-पुढे हलवला. त्या हलवण्यात पात्याच्या पाठीवर जोर आला, लॉक सुटला आणि पातं त्याच्या बोटांवर मिटलं.

रक्त वाटलं तेवढं नव्हतं. आम्हाला वाटलं, दोन टाके पडतील. पण त्याची तर्जनी वाकेचना. पुण्यात आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की बोट वाकवणारी टेंडन कापली गेली आहे. ऑपरेशन, मग ६ आठवडे स्प्लिंट, मग फिजिओथेरपी. परीक्षेला त्याला रायटर घ्यावा लागला. आज ते बोट वाकतं, पण पूर्ण नाही. तो मला एका शब्दानेही काही बोलला नाही. पण चाकू माझा होता.

मग मी त्या चाकूचं पोस्टमॉर्टेम करायचं ठरवलं. आमच्या मटेरियल्स लॅबमध्ये रॉकवेल टेस्टर आहे, तोच, ज्याच्या जर्नलमध्ये आपण सगळे एकमेकांची रीडिंग्ज छापतो. लॅब असिस्टंट सरांना विनंती केली. पात्याची रीडिंग्ज ४८च्या आसपास आली. आता '४४०' हे काही एक स्टील नाही, ए, बी आणि सी असे त्याचे प्रकार असतात. त्यातल्या ४४०-सीमध्ये कार्बन साधारण १ टक्का असतो आणि नीट हीट ट्रीटमेंट दिली तर तो ५७ ते ६० एचआरसीपर्यंत जातो. मागे अक्षर न लावता नुसतं ४४० कोरलं असेल तर ती फक्त नक्षी समजा.

पण खरं सांगायचं तर पार्टनरचं बोट पात्यामुळे कापलं गेलं नाही. मऊ पातं लवकर बोथट होतं, एवढाच त्याचा गुन्हा. दोष लॉकचा होता. मुठीच्या आत पत्र्याची एक पट्टी असते. पातं उघडलं की ती स्प्रिंगसारखी आत सरकते आणि पात्याच्या बुडाला अडवून धरते. यालाच लायनर लॉक म्हणतात. माझ्या चाकूची पट्टी १ मिलिमीटर जाडीची होती. कानस फिरवली तर लोण्यासारखा कीस निघाला. भिंगातून पाहिलं तर तिची कड चेपून गोल झालेली. माझी ती ५० वेळची खटखट!

आता गणित करू. सेकंड इयरचं आहे, घाबरू नका. समजा टोकाजवळ, पिनेपासून ८० मिमीवर, १०० न्यूटन जोर पाठीच्या बाजूने आला. म्हणजे साधारण १० किलोचं वजन. हाताने हिसका दिला तर एवढा सहज येतो. पट्टी जिथे पात्याला टेकते ती जागा पिनेपासून जेमतेम ८ मिमीवर असते. मोमेंट तोच, अंतर दहावा हिस्सा, म्हणून पट्टीवर येणारा जोर १० पट, १००० न्यूटन. टेकण्याचा भाग १ मिमी बाय ४ मिमी धरला तर ताण झाला २५० मेगापास्कल. न कडक केलेल्या साध्या ३०४ स्टेनलेसची यील्ड स्ट्रेंग्थ २००च्या थोडीच वर असते. म्हणजे पट्टी चेपणार, गोल होणार आणि एक दिवस निसटणार. ती वेल्ह्यात निसटली.

पार्टनरला भेटायला शेजारच्या इमारतीतले काका आले होते. ते बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेत. (विश्रांतवाडीत राहून एकही फौजी ओळखीचा नाही असं होऊच शकत नाही, एका बाजूला खडकी, दुसऱ्या बाजूला दिघी.) मी त्यांना विचारलं, "काका, आर्मीत टॅक्टिकल नाइफ कुठला वापरायचे?" ते म्हणाले, "अरे, टॅक्टिकल काय असतं? आम्ही दोरी कापायचो आणि डबे उघडायचो. तू दार घेताना लाकूड बघितलंस, बिजागरी बघितली नाहीस." मला वाटतं, माझ्या वरच्या गणितापेक्षा हे वाक्य लवकर समजतं.

तर बिजागरी कशी बघायची? पातं उघडा आणि बोटं पात्याच्या वाटेतून बाहेर ठेवा. हे कायमचं लक्षात ठेवा. मग पट्टी पात्याच्या बुडावर कुठे टेकते ते बघा. नुसती कडेला टेकत असेल तर पकड अपुरी. पार पलीकडच्या बाजूला जाऊन भिडत असेल तर नवीनच चाकू झिजल्यासारखा आहे. साधारण मधोमध हवी. पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या कडेवर ठेवून हळूहळू दाब द्या. लॉक जराही सरकला तर चाकू परत द्या आणि दुकानदाराचं 'वापरून सेट होईल' ऐकू नका. पातं डावी-उजवीकडे हलतं का तेही बघा. पिन स्क्रूची असेल तर पुढे कधी ढिली झाली की घट्ट करता येते. रिव्हेटची असेल तर विषय संपला.

लॉकचे इतरही प्रकार आहेत. फ्रेम लॉकमध्ये वेगळी पट्टी नसते, मुठीची जाड बाजूच कापून आत सरकते, म्हणून तो लायनरपेक्षा दणकट. बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीवर दाबायचा दांडा असतो. अमेरिकेतल्या 'बक ११०' या चाकूने १९६०च्या दशकात तो प्रकार लोकप्रिय केला. सर्वात साधा आणि मला मनापासून आवडलेला म्हणजे फ्रान्सचा ओपिनेल. जोसेफ ओपिनेलने तो १८९०मध्ये बनवला आणि १९५५मध्ये त्याला एक फिरती कडी बसवण्यात आली. पातं उघडायचं, कडी फिरवायची, झालं. लॉक लागला की नाही हे डोळ्याला दिसतं. एकच भानगड, मूठ लाकडी असल्यामुळे आपल्या पावसात फुगते आणि पातं अडकून बसतं. आणि मामा-काका परदेशातून आणतात त्या लाल स्विस चाकूंपैकी बहुतेक छोट्या मॉडेल्सना लॉकच नसतो, नुसती स्प्रिंग असते. कापायला उत्तम, भोसकून भोक पाडायला बिलकुल नाही.

पात्याबद्दल थोडक्यात. ३ इंच लांबी पुष्कळ झाली आणि जाडी ३ मिमीच्या आसपास. डी-२ हे नाव आपण प्रेस टूलच्या डायमध्ये ऐकलेलं असतं. त्याची धार खूप टिकते, पण क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास आणि कार्बन दीड टक्का असल्यामुळे ते पूर्ण स्टेनलेस नाही. जुलैच्या ट्रेकनंतर ओला चाकू सॅकमध्ये विसरलात तर ठिपके पडणारच. दाते असलेलं पातं नायलॉनची दोरी पटकन कापतं हे खरं, पण धार कोण लावणार? आपल्याकडे सायकलला चाक लावून धार लावणारे येतात, त्यांना दाते देऊ नका. साधी धारसुद्धा चाकावर जास्त वेळ धरली की कड तापते. निळसर रंग दिसला की टेम्पर उतरला समजा. ५-१० मिनिटं निसण्यावर स्वतः घासा. मेसचे काका शिकवतील, मला त्यांनीच शिकवलं.

आणि कांदे-बटाटे कापायला चाकू हवाय का? मग कशाला एवढा खर्च! किचनमधला साधा चाकू पुठ्ठ्याच्या म्यानात घालून न्या. त्याला बिजागरीच नसते.

आता नाजूक विषय. शस्त्र अधिनियम १९५९ आणि २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेती वगैरे कामांसाठी बनवलेले वगळून. मग आपला ३ इंची चाकू खिशात घालून हिंडायचं का? नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३७खाली सार्वजनिक ठिकाणी शस्त्रं बाळगायला मनाई करणारे आदेश वेळोवेळी निघतात. २०२२-२३पासून पुण्यात कोयत्यांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. रात्री चौकातल्या नाकाबंदीत खिशातून काळा, दातेरी, वाघनखी चाकू निघाला तर 'सर, ट्रेकला चाललोय' हे कोण ऐकणार? म्हणूनच टॅक्टिकल दिसणारा चाकू घेऊच नका असं माझं मत आहे. बटण दाबून उघडणारा तर अजिबात नको. खिशात आपोआप उघडला तर काय होईल ते मी सांगायला नको. विमानाने घरी जाणाऱ्यांनी चाकू चेक-इन बॅगेत टाकावा. केबिन बॅगेत ठेवलात तर तो लोहगावलाच राहील.

दिवाळीनंतर पार्टनर म्हणाला, "चल, नवीन घेऊ." आम्ही बसने म.न.पा.ला उतरलो आणि चालत बोहरी आळीत गेलो. तिसऱ्या दुकानात एक बॅक लॉकचा मिळाला, स्क्रूची पिन, साधं पातं, भडक नारिंगी मूठ. गवतात पडला तरी दिसेल असा. पाठ टेबलाला लावून दाब द्यायची वेळ आली तेव्हा मी हात पुढे केला, पण त्याने चाकू स्वतःकडे घेतला. उजव्या हातात धरला, ते एक बोट सरळच राहिलं. ३ वेळा दाबून बघितलं. दुकानदार म्हणाला, "अरे बाबा, मोडशील!"

"मोडला तर इथेच मोडू दे," पार्टनर म्हणाला.

तो चाकू सध्या रेक्टर सरांच्या कपाटात, ट्रेकच्या फर्स्ट एड डब्यात असतो. ट्रेकच्या आदल्या रात्री सही करून मिळतो.