आयर्विनला किती?

जुलैच्या मध्याला कोयनेच्या खोऱ्यात पावसाने जोर धरला की सांगलीत भेटणारी माणसं एकमेकांना तब्येत विचारत नाहीत. "आयर्विनला किती?" एवढंच विचारतात. उत्तर फुटांत येतं. तिशी ओलांडली की दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट भागातली कुटुंबं भांडीकुंडी वर चढवू लागतात. चाळीस ही इशारा पातळी, पंचेचाळीस धोक्याची. आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाण्याच्या या आकड्यावर बाजारातला व्यापारी गोदाम रिकामं करायचं की नाही ते ठरवतो आणि पुण्यात नोकरी करणारा मुलगा आईबापांना आणायला गाडी काढायची की फोनवर भागवायचं, ते ठरवतो.

१९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या नावाने खुला झालेला हा पूल. सांगली संस्थानच्या पटवर्धनांनी तो बांधून घेतला आणि इस्लामपूरकडची वाट बारमाही झाली. आज तो पाणी मोजायची फूटपट्टी झाला आहे. पण त्याचं पहिलं काम वेगळं होतं. कृष्णेवरच्या नावेचं जुनं राज्य संपवायला त्याने सुरुवात केली. ते संपायला पुढे सत्तर-ऐंशी वर्षं लागली, आणि खरं तर ते पुरतं संपलेलं नाहीच.

महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड करत सांगली जिल्ह्यात येते तेव्हा चांगली रुंदावलेली असते. कऱ्हाडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा तिला मिळते. या शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात नदीच्या दोन्ही अंगाला दाट वस्ती आहे. शेत अलीकडे तर पाहुणे पलीकडे, देव एका काठाला तर बाजार दुसऱ्या. त्यामुळे मोठ्या गावांना नाव असे आणि ती चालवणारे आंबी असत.

आंब्याचं वर्ष पंचांगापेक्षा पाण्यावर चाले. मृगाच्या सरी पडून पात्रातला उतार बुडाला की नाव डांबर लावून पाण्यात उतरायची. पावसाळ्यातली फेरी म्हणजे कसब. तांबडं पाणी फुगलेलं असताना नाव नाकासमोर पलीकडे नेता येत नाही. आधी ती दोराने काठाकाठाने वरच्या अंगाला ओढत न्यायची, मग धारेत सोडायची. धार तिला खाली ढकलणार हे गृहीत धरून तिरकी धरायची आणि पलीकडच्या उतारावर बरोबर आणून लावायची. वाहून आलेलं झाड, बुडालेली बाभूळ आणि भोवरा कुठे पडतो हे सगळं डोक्यात ठेवायचं. किती माणसं घ्यायची आणि कोणत्या दिवशी नावच सोडायची नाही, हेही आंबीच ठरवी. पाटील काठावर उभा राहून ओरडला तरी त्या दिवशी नाव सुटत नसे.

गौरी-गणपतीनंतर पाणी निवळायचं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत नाव निवांत असायची. वल्ह्यापेक्षा लांब बांबूने रेटा दिला तरी पुरे. शेतकऱ्याची जनावरं शेपटाला धरलेल्या पोरासकट पोहत पलीकडे जायची. शिमग्याच्या पुढे पात्रात उतार पडला की माणसं लुगडी-धोतरं खोचून चालत जायची आणि नाव वाळूवर पालथी पडायची. मोबदला वर्षाचा, सुगीला बैतं म्हणून धान्यात. परगावच्या वाटसरूकडून तेवढे पैसे. शासनाच्या दप्तरात मात्र नावेचा मक्ता असे आणि त्याचा लिलाव होई. मुंबई इलाख्यात नौघाटांचा कायदा १८६८ सालापासून होता.

पूल झाला म्हणून नदीशी असलेली सलगी लगेच तुटली नाही. सांगलीची मुलं वाळलेले भोपळे कमरेला बांधून पोहायला शिकत राहिली. २४ जुलै १९४३ला स्वातंत्र्यलढ्यातले वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, तेव्हा त्यांनी धाव घेतली ती कृष्णेकडे, आणि तीही भर पावसाळ्यात. आषाढातल्या या पाण्यात उडी घ्यायची कल्पना नदीकाठी वाढलेल्यालाच सुचते. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्या दिवशी गोळ्यांना बळी पडले. खांद्यात गोळी घुसलेले दादा पुन्हा पकडले गेले. पुढे ते मुख्यमंत्री झाले आणि त्यांचं स्मारक याच काठावर उभं राहिलं.

नदीचं वेळापत्रक खऱ्या अर्थाने बदललं ते धरणांनी. साठच्या दशकात कोयना उभी राहिली. आज तिची साठवण सुमारे १०५ टीएमसी आहे. तिचं पाणी पश्चिमेला पोफळीकडे वीज करायला वळवलं जातं, आणि त्यावर कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. उरलेलं खाली कृष्णेत येतं. वाईजवळ धोम झालं, वारणेवर चांदोली झालं. त्यात भर म्हणून पात्रात जागोजाग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले. उन्हाळ्यात वाळवंट व्हायचं तिथे तुडुंब डोह साचू लागले. ऊस वाढला, मोटारी बसल्या, आणि ज्या उतारांवरून चैत्र-वैशाखात बायका डोक्यावर पाटी घेऊन चालत जायच्या ते उतार कायमचे बुडाले.

एक गंमत झाली ती इथे. ज्या गावांना पूल नव्हता तिथे नाव आता उन्हाळ्यातही लागू लागली. धरणांमुळे आंब्याचा हंगाम वाढला! पण ही चैन फार टिकली नाही. बंधाऱ्याच्या माथ्यावरूनच माणसं ये-जा करू लागली. आधी पायी, मग सायकलने, मग मोटारसायकलने. डिग्रजचा बंधारा पाणी कमी असताना सरसकट रस्ता म्हणून वापरला गेला. मागोमाग गावोगाव पूल झाले. हरिपूर आणि कोथळी समोरासमोर असूनही कितीतरी पिढ्या नावेनेच भेटल्या. तिथेही अलीकडे पूल झाला. ज्या हरिपुरात गोविंद बल्लाळ देवल जन्मले, तिथे संगमेश्वराच्या दर्शनाला येणारे आता घाटाला पाठ करून गाडी लावायला जागा शोधतात. आंब्यांची पोरं साखर कारखान्यात, एसटीत, गवंडीकामात गेली. कुणीही हाकललं नाही, कुठे मोर्चा निघाला नाही, तरी दोन पिढ्यांत धंदा सरला.

मध्ये एक काळ असाही आला की कृष्णेत पुन्हा बोटी वाढल्या. त्या वाळूच्या होत्या. यंत्राने तळ उपसणाऱ्या. त्यांना पलीकडे जायचंच नव्हतं. त्यांनी नदीचा तळ असा उकरला की जुन्या आंब्यालाही कुठे खोल, कुठे उथळ ते सांगता येईना.

आणि मग २००५ आलं. जुलैअखेरच्या पावसात आयर्विनचा आकडा त्रेपन्नाच्या वर गेला. निम्मी सांगली पाण्यात गेली आणि शहरात नावा शोधायची वेळ आली. हरिपुरात हळदीची पेवं असत, म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठारं. तिथली माती अशी की त्यात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहते. सांगलीच्या हळदबाजाराचा तो खजिनाच. त्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि लाखमोलाची हळद सडली. अनेक पेवं पुन्हा कधी वापरात आलीच नाहीत.

खेड्यांत लोकांनी त्या वेळी काहिली पाण्यात सोडल्या. काहील म्हणजे गुऱ्हाळात रस उकळायची लोखंडी कढई. चारपाच माणसं सहज मावतील एवढी मोठी. तिला ना नाळ ना सुकाणू, ती धारेत गरगर फिरते. तरी पोहणारे चारजण कडेला धरून म्हातारी माणसं, बाळंतिणी, शेरडं तिच्यातून कोरड्या जागी नेत. पुढच्या प्रत्येक पुरात काहिली निघाल्या. बाहेरचे पत्रकार त्याचं कौतुक करतात. पण शंभर वर्षांपूर्वी ज्या गावांत चांगली बांधलेली नाव आणि तिचा जाणता माणूस होता, त्याच गावांनी जीव वाचवायला कढई काढावी, हे तितकंसं कौतुकाचं नाही.

ऑगस्ट २०१९ने मागचे आकडे मोडले. आयर्विनला साडेसत्तावन्न फूट पाणी चढलं. आठवडाभर शहर आणि नदीकाठची गावं बुडून होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, लष्कर, नौदल यांच्या रबरी बोटी आल्या, पण बुडालेली गावं पुष्कळ आणि बोटी मोजक्या. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये ग्रामपंचायतीची बोट माणसं बाहेर काढत होती. कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावरचं हे गाव चहूबाजूंनी वेढलं होतं. मागे राहायला कुणी तयार नव्हतं. क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली आणि बोट उलटली. डझनाहून अधिक जण बुडाले. त्यांत बायका आणि मुलं बहुतेक.

त्या दिवशी बोटीतल्या लोकांची चूक काढणं सोपं आहे, आणि ते अन्यायाचंही आहे. पाणी दारात आल्यावर कुणीही चढेल. "एवढे बस, बाकीचे पुढच्या खेपेला" असं म्हणणारा आणि ज्याचं ऐकलं जाईल असा माणूस काठावर लागतो. बोट सरकारी योजनेतून विकत घेता येते. तो माणूस तसा मिळत नाही.

या महापुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणामुळे सांगली बुडते, ही काठावरची पक्की समजूत आहे. समितीला मात्र तसं आढळलं नाही. तिने बोट ठेवलं ते अतिवृष्टीवर आणि नदीच्या वाटेतल्या अडथळ्यांवर. नदीकाठी ते आजही सगळ्यांना पटलेलं नाही, आणि आलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायचा विषय निघाला की सांगली-कोल्हापुरात पुन्हा सभा होतात. जुलै २०२१मध्ये आकडा पुन्हा पंचावन्नच्या आसपास गेला. या खेपेला गावं आधी उठली. लोक जनावरांसकट बाहेर पडले. आता बऱ्याच गावांकडे बोटी, इंजिनं आणि जॅकेटं आहेत.

याच नदीचं दुसरं टोकही याच वर्षांत दिसलं. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी भरलेली रेल्वे दुष्काळी लातूरला गेली. पहिल्या गाडीत दहा टँकर, सुमारे पाच लाख लिटर. आणि २०२३चा पावसाळा लंगडा गेल्यावर कोयनेतून पाणी सोडायच्या वादात सांगलीजवळचं पात्र इतकं आटलं की तळातले दगड उघडे पडले. पूर पाहायला ज्या पुलावर गर्दी व्हायची, तिथेच आता लोक कोरडी कृष्णा पाहायला थांबत होते.

तर मग नाव आज उरली आहे कुठे? औदुंबरला दत्ताचं दर्शन घेऊन पलीकडे भुवनेश्वरीला जायला नाव आहे. नृसिंहवाडीला संगमावर आहे. तिथे पाणी चढून गाभाऱ्यातल्या पादुकांवरून वाहिलं की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि नावाडी आपली नाव बांधून गर्दी पाहत बसतात. खिद्रापूरच्या कोपेश्वरापाशी उतरणारी नाव पलीकडे कर्नाटकात जुगुळला लागायची. दोन राज्यांची सीमा ती काही मिनिटांत ओलांडायची. औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात मगरी आहेत. थंडीत त्या मळीवर ऊन खात पडतात आणि नावेतले यात्रेकरू मोबाइल काढतात. मासेमाऱ्यांना आणि पाण्याच्या मोटारीवर जाणाऱ्या शेतकऱ्यांना त्या तितक्या आवडत नाहीत. इथे माणसं दगावली आहेत.

पण नाव खरी जोरात असते ती श्रावण-भाद्रपदात, होड्यांच्या शर्यतींच्या वेळी. पूर ओसरू लागला, पण पाणी अजून भरलेलं आहे, अशा दिवसांत सांगलीत या शर्यती होतात. सांगलीवाडी, कसबे डिग्रज, समडोळी, कवठेपिरान अशा गावांचे संघ उतरतात. अरुंद, लांब होडी, ताल धरून एकदम पडणारी वल्ही, आणि मागे उभा राहून सूर काढणारा म्होरक्या. आयर्विनवर, घाटांवर माणसांची भिंत असते. संघातली मुलं बहुतेक शेतकऱ्यांची. आठवडाभर संध्याकाळी पाण्यात सराव करतात. बक्षिसापेक्षा गावाची इज्जत मोठी, म्हणून भांडणंही होतात.

याकडे करमणूक म्हणून पाहायची सवय आहे, पण भरल्या नदीत होडी वळवायची, धारेत ती किती तिरकी धरायची, एका अंगाला भार गेला तर काय होतं, हे आज कृष्णाकाठी सर्वांत जास्त कुणाला ठाऊक असेल तर या पोरांना. दर उन्हाळ्यात, पावसाळा तोंडावर आला की घाटावर आपत्ती व्यवस्थापनाची रंगीत तालीम होते. इंजिन सुरू होतं का, जॅकेटं किती, दोर किती, हे तपासलं जातं. मे महिन्यातलं पाणी संथ असतं, त्यामुळे बोट सरळ पलीकडे जाते. जुलैत ती तशी जात नाही. शर्यतींचे संघ गावोगाव तयार आहेत, त्यांची यादी करायला एक दुपार पुरेल. ग्रामपंचायतीच्या कुलूपबंद खोलीतल्या बोटीची किल्ली मात्र अजून बहुतेक ठिकाणी ग्रामसेवकाकडे असते.