परतीची वाट: सिम्युलेटरवर राउटिंगचा सराव

राउटरला एकच प्रश्न सोडवायचा असतो: आलेले पॅकेट कोणत्या दारातून पुढे सोडायचे? उत्तर त्याच्या राउटिंग टेबलमध्ये असते. टेबलमध्ये ज्याची नोंद नाही अशा पत्त्याचे पॅकेट तो टाकून देतो. टेबल माणसाने हाताने भरले तर ते स्टॅटिक राउटिंग, राउटरांनी एकमेकांना विचारून भरले तर डायनॅमिक. व्याख्या पाठ करायला पाच मिनिटे पुरतात. ती अंगवळणी पडायला मात्र तीन-चार राउटर, केबल आणि बिनधास्त चुका करण्याची मुभा लागते. सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरवर हे सगळे साध्या लॅपटॉपवर जमते, आणि कंपनीच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवले की हे सॉफ्टवेअर फुकट मिळते.

सराव स्टॅटिकपासूनच सुरू करावा. अ, ब, क असे तीन राउटर एका ओळीत जोडायचे. अ-कडे १९२.१६८.१.० हे नेटवर्क, क-कडे १९२.१६८.३.०, आणि दोन्हीकडे एकेक पीसी. अ-ला सांगायचे की ३.० कडे जायचे तर ब-च्या हाती दे. ब-ला दोन्ही बाजू सांगायच्या. आता अ-कडच्या पीसीवरून क-कडच्या पीसीला पिंग केले, तरी उत्तर येत नाही. नवशिक्या इथेच अडतो आणि जाण्याचाच रस्ता पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

पॅकेट ट्रेसरमध्ये सिम्युलेशन मोड चालू केला की पॅकेट छोट्या पाकिटासारखे एकेक टप्पा सरकताना दिसते. पाकीट अ, ब, क ओलांडून पलीकडच्या पीसीपर्यंत नीट पोहोचते. तिथून उत्तर निघते, क-पाशी येते आणि तिथेच संपते, कारण १.० कडे कसे जायचे हे क-ला कोणी सांगितलेलेच नाही. जाण्याची वाट आणि परतीची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका पाकिटाने जितके पक्के समजते तितके कुठल्याही आकृतीने समजत नाही. पडद्यावरचा संदेशही नीट वाचावा. परतीची वाट नसेल तर पिंग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणते. जाण्याचीच वाट अ-कडे नसेल तर अ स्वतःच ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे कळवतो. (चारांपैकी फक्त पहिले पिंग हुकले तर घाबरू नये, हार्डवेअर पत्ता शोधण्यात ते जाते.)

तीन राउटरांपुरते हे ठीक. दहा राउटर असले, प्रत्येकाकडे एकेक नेटवर्क असले आणि प्रत्येक परक्या नेटवर्कसाठी वेगळी ओळ लिहायची ठरली, तर ९० ओळी होतात. त्यात मधली केबल तुटली तरी दूरच्या राउटरला पत्ता लागत नाही. तो जुन्याच वाटेने पॅकेट पाठवत राहतो.

डायनॅमिकमध्ये सुरुवातीला रिप हा प्रोटोकॉल घ्यावा. १९८८ साली त्याचे प्रमाण लिहिले गेले. दर ३० सेकंदांनी तो आपले टेबल शेजाऱ्याला सांगतो आणि अंतर राउटरांच्या संख्येत मोजतो. १५ च्या पुढचे सगळे त्याच्या लेखी पोहोचण्यापलीकडचे. ओएसपीएफ हा दुसरा प्रोटोकॉल मात्र संपूर्ण जाळ्याचा नकाशा बनवतो आणि डायक्स्ट्राच्या रीतीने कमी खर्चाची वाट काढतो.

दोघांतला फरक त्रिकोणात उघडा पडतो. अ आणि क थेट ६४ केबीपीएसच्या सीरियल लिंकने जोडायचे, आणि ब-मार्गे दोन्ही टप्पे १०० एमबीपीएसचे ठेवायचे. रिप थेट वाट धरतो, कारण राउटर कमी. ओएसपीएफ वळसा घेतो: मूळ मापाने १०० एमबीपीएसच्या टप्प्याचा खर्च १, तर ६४ केबीपीएसचा १५६२. एक खोच लक्षात ठेवायची. सीरियल पोर्टवर नुसता क्लॉक रेट बदलून हा खर्च बदलत नाही. ‘बँडविड्थ’ ही आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती राहिली तर खर्च ६४ धरला जातो आणि हिशेब जुळत नाही.

दोन्ही प्रोटोकॉल एकाच वेळी चालू ठेवले तर टेबलमध्ये ओएसपीएफची नोंद दिसते, कारण त्याचा विश्वासार्हतेचा आकडा ११० आणि रिपचा १२०. आकडा लहान तो वरचढ. स्टॅटिकचा आकडा १. म्हणून स्टॅटिक वाटेला मुद्दाम १३० दिला, तर एरवी ती टेबलात येत नाही आणि बाकीच्या वाटा गेल्यावरच पुढे होते.

शेवटी वळशाच्या वाटेवरची केबल काढून बघावी. ती थेट राउटरच्या पोर्टची असेल तर बदल लगेच कळतो. मध्ये स्विच असेल आणि केबल पलीकडच्या राउटरची निघाली, तर ओएसपीएफ नेहमीच्या मांडणीत ४० सेकंद वाट पाहून शेजाऱ्याला गेलेला समजतो. रिप नोंद बाद करायला १८० सेकंद घेतो. पॅकेट ट्रेसर खऱ्या राउटरच्या निवडक आज्ञांचीच नक्कल करतो. तिथे न सापडणाऱ्या आज्ञांसाठी जीएनएस३ वापरतात, कारण त्यात राउटरचे खरे सॉफ्टवेअर चालवता येते. ते मात्र स्वतः मिळवावे लागते आणि संगणकाची मेमरीही अधिक लागते.